भरवशाचा आकडा

मिरजेच्या पत केंद्रातल्या काचेच्या खोलीत उभं राहून त्रिशला मगदूमनं ते वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. "मी हे कर्ज ठरलेल्या मुदतीत, पूर्ण, स्वतः फेडीन." वाक्य काही अवघड नव्हतं. चौथीतल्या पोरानंही एका दमात म्हटलं असतं. समोरच्या पडद्यावर आकडा उमटला, चारशे एकोणतीस. कर्जाला साडेसातशे लागत होते. पहिल्या वेळी चारशे अडतीस होता. म्हणजे जितक्या वेळा म्हणावं तितकी पत उतरत होती.

"आजचे तिन्ही प्रयत्न झाले, ताई," हिरेमठ मॅडम म्हणाल्या. केंद्राच्या त्या अधिकारी. तिशीतल्या, बोलायला मऊ. "आता पुढचा तीन महिन्यांनी."

"तीन महिन्यांत दिवाळी होऊन जाईल की ओ."

"नियम आहे. मी काय करू?"

बाहेरच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ अकलंक शेंगा खात बसला होता. अक्काला सोबत म्हणून आला होता. ती पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर आली तेव्हा त्यानं सालं खिशात कोंबली, हात झटकले आणि म्हणाला, "मी म्हणून बघू का गं? पहिली खेप फुकट असतीय म्हणं."

तो आत गेला. एक हात खिशात, अर्धी जांभई आवरत त्यानं तेच वाक्य म्हटलं. पडद्यावर आकडा आला, आठशे बारा.

"अक्का, बघ की गं! आठशे बारा!"

सगळं केंद्र वळून बघायला लागलं. एका म्हाताऱ्यानं तर कौतुकानं मान डोलावली. त्रिशलाला मात्र भिंतीत शिरावंसं वाटलं. कारण अकलंकनं आजवर चार कर्जं काढली होती आणि त्यातलं एकही स्वतः फेडलं नव्हतं. चारही कर्जांना जामीन त्रिशला होती, आणि चारही तिनं फेडली होती. आईबापांनी मोठ्या हौसेनं पोराचं नाव अकलंक ठेवलं. कलंक लागायचा तो लागलाच, फक्त बहिणीच्या नावाला.

जामीन राहणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणी पैशांच्या भाषेत समजून घेतच नाही. पतसंस्थेत दोन सह्या लागतात. भाऊ समोर उभा असतो, क्लार्क ओळखीचा असतो, चहा आलेला असतो. तिथं "मी विचार करून सांगते" असं म्हणायला वाघाचं काळीज लागतं. भिडेपोटी माणूस सही करून मोकळा होतो आणि घरी येऊन विसरतो. मग एक दिवस नोटीस येते. त्रिशलाला तशा चार आल्या, अकलंकच्या एकेका धंद्यापायी. मशरूमची आली, ड्रोनच्या फवारणीची आली, जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करायच्या दुकानाची आली आणि शेवटी उसाच्या रसाच्या पावडरीची. प्रत्येक वेळी तिचं नाव थकबाकीदारांत चढलं, आणि प्रत्येक वेळी तिनं ते पैसा पैसा भरून खाली उतरवलं. जुन्या पद्धतीत तिची पत अशीच मुंगीच्या पावलांनी वर आली होती. आणखी वर्षभरात ती धडधाकट झाली असती.

पण तेवढ्यात 'कान' आला.

त्याचं सरकारी नाव स्वरपत प्रणाली. लोक नुसतं कान म्हणायचे. त्याचा जन्म बँकेत झाला नव्हता, दवाखान्यात झाला होता. कंपवाताच्या रुग्णांचे आवाज तपासणाऱ्या काही संशोधकांच्या लक्षात एक गोष्ट आली. घशातले स्वरतंतू हलवणारे स्नायू शरीरातल्या सर्वांत चपळ स्नायूंपैकी आहेत. त्यांना हुकूम देणारी नस मेंदूच्या बुडातून निघते, छातीत उतरते आणि तिथून माघारी वळून घशाशी येते. काळजाची धडधड, श्वासाची ओढ, पोटातला गोळा, या सगळ्यांची खबर त्याच वाटेवर असते. माणूस पुढच्या दिवसांबद्दल काही बोलतो तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आतच मेंदू त्या दिवसांचं चित्र काढून बघतो. चित्र आणि वाक्य जुळलं तर आवाज सपाट निघतो. जुळलं नाही तर त्यात एक बारीक थरथर उमटते. आपल्या कानाला ती कळत नाही, पण यंत्राला कळते.

म्हणजे हे यंत्र खोटं पकडणारं नव्हे. आपल्या बोलण्यावर आपलाच भरवसा किती आहे, एवढंच ते मोजतं. बँकांनी लाखो लोकांवर ते लावून बघितलं, आणि मागच्या नोंदींपेक्षा पुढची परतफेड ते जास्त बिनचूक सांगतं असं निघालं. लाखांच्या सरासरीत ते खरंच असणार. त्या सरासरीत त्रिशला मगदूम कुठं बसते, याच्याशी बँकेला कर्तव्य नव्हतं. नवा नियम झाला. मागचं सगळं पुसलं गेलं, चांगलंही आणि वाईटही. आता ज्याचा त्याचा आवाज आणि ज्याचा त्याचा आकडा.

जुने थकबाकीदार पेढे वाटत सुटले. त्रिशलानं मात्र पंधरा वर्षांच्या पावत्या माळ्यावर टाकल्या, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिची नड साधी होती. दवाखान्यांच्या रस्त्यामागं तिची आणि नवरा महावीर यांची धुलाईची शेड होती. एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे आणि ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, हिरवे कपडे तिच्याकडे यायचे. हॉस्पिटलनं कळवलं होतं की दिवाळीनंतर दोन दारांच्या मशीनमध्ये धुतलेलेच कपडे घेऊ. मळका कपडा भिंतीच्या अलीकडच्या दारातून आत जायचा आणि निर्जंतुक होऊन पलीकडच्या खोलीत निघायचा. मळक्याची आणि धुतल्याची गाठच पडायची नाही. मशीन चांगलं होतं, त्रिशलालाही पटलं होतं. पण त्याला लागणारे पैसे कर्जाशिवाय उभे राहणार नव्हते. मशीन आलं नाही तर काम जाणार, आणि काम गेलं तर शेडमधल्या सहा बायकांना काय सांगायचं, या विचारानं तिला बसल्या जागी चैन पडत नव्हतं. स्वयंपाक करताना ती गॅस बंद केला का म्हणून तीन तीनदा वळून बघायची. इस्त्रीच्या टेबलापासून फाटकापर्यंत उगाच हेलपाटे घालायची.

"बस की जरा," महावीर म्हणायचे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते स्वतः बहुतेक बसूनच असत, आणि बसून माणसाला किती बरं वाटतं हे सगळ्यांना सांगत.

"बसून मशीन येतंय का?"

"फिरून तरी कुठं आलंय?"

शेवटी ती क्लासला गेली. कान आल्यापासून गावात पतस्वर क्लासचं पेवच फुटलं होतं. 'महिन्यात साडेसातशे, नाहीतर फी परत' असे बोर्ड लागले होते. सर टाय लावून यायचे. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

"कल्पना करा. शेवटचा हप्ता भरून तुम्ही बँकेतून बाहेर पडताय. मगदूम ताई, काय दिसतंय?"

त्रिशलानं मनापासून बघितलं. "ड्रायर बंद पडलाय."

"ते सोडा. आनंदाचं बघा."

"हॉस्पिटलनं दोन महिन्यांची बिलं अडकवल्यात. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालंय. हप्ता भरलाय ओ सर, पण कसा भरलाय ते मला दिसतंय ना."

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी तिला आणखी दोनदा डोळे मिटायला लावले. दुसऱ्या खेपेला तिला बोअरचं पाणी आटलेलं दिसलं. आठवड्यानं सरांनी तिला बाजूला घेऊन अर्धी फी परत केली. चांगला माणूस होता. "ताई, तुम्हाला सगळं आधीच दिसतं," ते म्हणाले. "ते बंद करायचं औषध माझ्याकडं नाही."

हेच तर तिचं दुखणं होतं, आणि म्हणूनच तिचा हप्ता कधी चुकला नव्हता. काय काय बिघडू शकतं हे जिला आधी दिसतं ती आधीच तजवीज करते. कानाच्या लेखी मात्र तो दोष होता.

त्याच आठवड्यात अकलंक नव्या गाडीवरून आला. आठशे बारावर त्याला नारळपाण्याच्या पावडरीची एजन्सी मिळाली होती, वर गाडीही मिळाली होती. तो आला की घर आपोआप भरून जायचं. दाजींना त्यानं गुडघ्याचं कसलं तरी तेल आणलं, अक्काला पावडरीचे दोन डबे आणले आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, "मी जामीन राहतो की तुला."

त्रिशलाच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"हसतेस काय? नियम बघून आलोय मी. कर्जदाराचा आकडा कमी असला तरी जामीनदारानं जामिनाचं वाक्य म्हणायचं, ते साडेसातशेच्या वर गेलं की कर्ज मंजूर. माझं तर झोपेतबी जाईल."

ती हसत नव्हती. तिच्या तोंडाचं काहीतरी वाकडंच झालं होतं. ज्याच्यासाठी आपण पंधरा वर्षं थकबाकीदार म्हणून मिरवलो, त्यानं आता आपल्याला पत उसनी द्यायची. हा उपकार म्हणायचा की थट्टा, तिला कळेना. ती उठली, शेडकडे गेली, काही न करता परत आली.

"घे," महावीर हळूच म्हणाले. "दिवस थोडे राहिलेत."

"अडला हरी," ती पुटपुटली.

"गाढव तयार हाय!" अकलंक खदखदून हसला. त्याला कधी राग यायचा नाही, हेही तिचं एक दुखणं होतं. केंद्राची तारीख ठरली. ती नेमकी क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली.

पर्युषणाचे उपवास, पूजा, प्रवचनं झाली की आम्हा जैनांत क्षमावाणी येते. वर्षभरात कळत नकळत जे कुणाला दुखवलं असेल, त्याची हात जोडून क्षमा मागायची आणि समोरच्यानं ती द्यायची. रिवाज फार सुंदर आहे. वैरी वैऱ्याच्या दारात जातो. पण अकलंकनं त्याचं अगदी सोयीचं करून टाकलं होतं. दर वर्षी तो यायचा, "उत्तम क्षमा, अक्का," म्हणायचा, ती "उत्तम क्षमा," म्हणायची, आणि त्याचं वर्ष धुऊन निघायचं. मशरूमचं वर्ष तसंच धुतलं गेलं, ड्रोनचंही.

त्या दिवशी दुपारी तो थेट शेडमध्येच आला. बायका जेवायला गेल्या होत्या. भट्टीच्या वाफेत त्रिशला एकटी चादरी पिळत होती. त्यानं मिठाईचा पुडा कट्ट्यावर ठेवला, हात जोडले आणि नेहमीचं हसू आणून म्हणाला, "उत्तम क्षमा, अक्का."

"नाही," त्रिशला म्हणाली.

त्याला वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं.

"ऐकलं मी. या वर्षी नाही."

"काय झालं गं? कोण काय बोललं?"

"कोण कशाला बोलतंय? मीच बोलले नाही आजवर." तिच्या हातातली चादर पिळता पिळता घट्ट दोर झाली होती. "मशरूमचं कर्ज कसं फिटलं, सांग बघू."

"संस्थेनं व्याज माफ केलं की. तूच सांगितलंस."

"माफ केलं नाही. माझ्या पाटल्या गेल्या. आईच्या."

अकलंकचे हात अजून जोडलेलेच होते. ते खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"ड्रोनच्या वेळी तुझ्या दाजींना बोनस मिळाला म्हणून सांगितलं. तुझ्या दाजींना कुठला रे बोनस? कुपवाडचा प्लॉट विकला. तिथं आम्ही घर बांधणार होतो, पाया आखला होता. बॅटरीच्या वेळी मी तीन वर्षं रात्री हॉटेलांचे कपडे इस्त्रीला घेतले. हा हात वर जात नाही आता, बघ. रसाच्या वेळी विकायला काही उरलं नव्हतं. तेव्हा आमच्या धाकट्या पोरीचं नाव कॉलेजातून काढलं. तिला शिकायचंच नाही असं मी सगळ्या गावाला सांगितलं. तुला पण तेच सांगितलं. ती बिचारी गप्प बसली."

"अक्का, मला कुणी..."

"नाही सांगितलं! तुझा चेहरा पडलेला बघवत नव्हता मला. आई गेली तेव्हा तू सातवीत होतास, तेव्हापासून नाही बघवत. म्हणून दर वेळी काहीतरी गोड रचून सांगत आले. तुला वाटत गेलं की आपलं सगळं शेवटी जमतंय. कोण जमवतंय ते तुला दिसलंच नाही. तो तुझा आठशे बारा आहे ना, तो माझा आहे अकल्या. मीच फेडून फेडून बांधलाय तो तुझ्या घशात."

एवढं बोलून तिला धाप लागली. आपण हे बोलणार आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. राग तर होताच. पण रागाखाली एक भीतीही होती, की आता हा उठून जाईल, आणि उद्या येणार नाही, आणि मशीनही जाईल. सगळं आधी दिसायची सवय इथंही सुटली नाही.

अकलंक बराच वेळ मिठाईच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "धाकटी हुशार होती गं," तो शेवटी म्हणाला. मग गाडीची किल्ली घेऊन निघाला. फाटकापाशी थांबून, मागं न वळता म्हणाला, "उद्या येतो मी. केंद्रावर."

तो आला. दाढी केली नव्हती. शेंगा आणल्या नव्हत्या. हिरेमठ मॅडमनी त्याचा आठशे बारा बघून खुर्ची दिली, पण तो बसला नाही. मॅडमनी जामिनाचं वाक्य समोर धरलं. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "मॅडम, कर्जदारानं नाही भरलं तर सगळं मीच भरायचं?"

"हो. तेच तर जामीन."

"व्याजासकट?"

"व्याजासकट."

चार कर्जं काढलेल्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदाच पडला होता. त्यानं घसा खाकरला. "कर्जदारानं हे कर्ज फेडलं नाही तर ते मी पूर्ण, स्वतः फेडीन." 'स्वतः' पाशी तो अडखळला नाही, पण काचेबाहेर उभ्या त्रिशलाला त्याच्या गळ्याचं हाड वरखाली झालेलं दिसलं.

तीनशे एक्क्याण्णव.

मॅडमना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी ते बंद करून चालू केलं. दुसऱ्या वेळी तीनशे सत्तर आले. तिसऱ्या वेळी तर त्याच्या कपाळावर घाम होता आणि आकडा त्याहून खाली होता.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" मॅडमनी विचारलं. "हे नोंदवावं लागेल मला. तुमच्या एजन्सीच्या बँकेलाही कळणार. हवं तर आजारी म्हणून लिहिते, मग धरणार नाहीत."

त्रिशला काचेला चिकटली होती. त्यानं हो म्हणावं असं तिला वाटलं. निदान त्याचं तरी वाचेल.

"नको मॅडम," अकलंक म्हणाला. "यंत्राचं बरोबर हाय. मी भरू शकीन का, मला खरंच माहीत नाही. तिनं किती भरलंय ते कालच कळलंय मला."

बाहेर आल्यावर दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कर्ज हुकलं होतं, दिवाळी तोंडावर होती आणि मशीनचा विषय संपला होता. तिनं त्याच्यावर चिडायला हवं होतं. आदल्या दिवशी तोंड आवरलं असतं तर आज आठशे बारा आले असते, हे तिला कळत होतं. स्वतःच्या हातानं तिनं पायावर धोंडा पाडून घेतला होता. आणि तरीही त्या भावाच्या घामेजलेल्या तोंडाकडे बघताना तिला इतकी माया दाटून आली की ती दुसरीकडे बघायला लागली. एवढ्या वर्षांत त्यानं तिला शेकडो वचनं दिली होती, पण देताना घाबरला होता तो आज पहिल्यांदा.

"पोटात कसंतरी होतंय गं अक्का," तो म्हणाला. "तुला असंच होतं व्हय, रोज?"

"रोज."

"मग जगतेस कशी?"

तिनं त्याला कोपऱ्यावरच्या गाड्यावर ताक पाजलं.

पुढं चमत्कार वगैरे काही झाला नाही. दिवाळीनंतर हॉस्पिटलनं ओटीचे कपडे दुसऱ्याला दिले. वॉर्डांच्या चादरी तेवढ्या तिच्याकडे राहिल्या, त्याही त्रिशला स्वतः जाऊन भांडली म्हणून. सहा बायकांतल्या दोघींना तिनं दुसरीकडे काम बघून दिलं, आणि दोघी रडल्या तेव्हा तीही रडली. अकलंकची एजन्सी बँकेनं काढून घेतली, मागोमाग गाडीही गेली. तो कुपवाडला बेदाण्याच्या शीतगृहात सुपरवायझर म्हणून लागला. महिन्याचा पगार मिळायचा. पगार हा प्रकार त्याच्या आयुष्यात पहिलाच. दोन महिने तो बहिणीकडे फिरकला नाही. तो कर्ज काढून बसला असेल, आजारी असेल, कुठं निघून गेला असेल, असं सगळं तिनं क्रमानं मनात बघून घेतलं.

तिसऱ्या महिन्यात तो सायकलवरून आला. वाळला होता. शेडच्या दारात उभं राहून त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून रबर लावलेल्या नोटा काढल्या.

"पाटल्यांपासून सुरू करतो," तो म्हणाला. "तीन हजार हायत. दर महिन्याला इतकेच जमतील. जास्त म्हणत नाही मी. इतकेच. आणि पाटल्या होईपर्यंत बरीच वर्षं जातील, तेबी सांगतो."

"फोनवरनं पाठवायचे की," महावीर खुर्चीवरून म्हणाले.

"फोनवरनं गेलेलं कळत नाही, दाजी. हातातनं गेलं की कळतं."

त्रिशलानं हात पदराला पुसले. नोटा घेतल्या. रबर काढून बोटात अडकवलं आणि त्याच्यासमोर मोजायला लागली. भावानं दिलेले पैसे त्याच्यादेखत मोजायचे नसतात, असं आमच्याकडे समजतात. तिनं मोजले. तो तिच्या बोटांकडे बघत होता, ओठ हलवत तिच्याबरोबर मोजत होता.

"शंभर कमी आहेत," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "तीनदा मोजून आणलेत गं!" त्यानं शर्टाचे खिसे चाचपले, पँटचे उलटे केले. खाली वाकून उंबऱ्यापाशी बघितलं.

"अगं, असू दे की," महावीर म्हणाले. "शंभर रुपयांसाठी काय?"

तेच शब्द तिच्याही जिभेवर आले होते. राहू दे रे. आयुष्यभर ती त्याला तेवढंच म्हणत आली होती, आणि आता म्हणायलाही किती सोपं होतं. तो कावराबावरा होऊन सायकलच्या पिशवीत हात घालत होता, आणि त्याला तसं बघून तिचं काळीज तिळतिळ तुटत होतं.

"असतील, अक्का. थांब. हितंच असतील."

"शोध," ती म्हणाली. "मी थांबते."

तो शोधत राहिला, आणि ती हात पुढे करून उभी होती.